लहान ट्रॅक्टर, मागचे खोदयंत्र आणि वऱ्हाडची काळी माती

(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



सातपुड्यात उगम पावणारी पूर्णा नदी अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून पश्चिमेकडे वाहत जाऊन चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही तीरांवर दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत पसरलेला, पुढे बुलढाणा जिल्ह्यात गेलेला प्रदेश म्हणजे आपला खारपाणपट्टा. सुमारे ४ लाख ७० हजार हेक्टरांच्या या पट्ट्यात जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे आहे. विहीर खोदली तरी तिचे पाणी पिकाला घालवत नाही आणि माणसाला पिववत नाही. वर माती काळी, खोल, सुपीक. परंतु पाणी मुरू न देणारी. पावसाळ्यात वावरात पाणी साचते आणि भाद्रपदानंतर तेच वावर तहानलेले असते. म्हणून या भागाची शेती आणि खोदकाम यांचे नाते अन्य भागांपेक्षा अधिक जवळचे आहे. साचलेले पाणी काढण्यासाठी चर हवा, ते साठविण्यासाठी शेततळे हवे, लांबून गोडे पाणी आणण्यासाठी नळाची नाली हवी. खोदल्यावाचून येथे गत्यंतर नाही.

हे खोदकाम पूर्वी कुदळ, फावडे आणि घमेल्याने होत असे. आज ते यंत्राने होते. पिवळ्या रंगाचे मोठे यंत्र गावात आले की त्याला सरसकट ‘जेसीबी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, मग ते कोणत्याही कंपनीचे असो. परंतु अलीकडे तिसरीच एक गोष्ट दिसू लागली आहे. घरच्या जुन्या, वीस-पंचवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मागच्या बाजूने खोदण्याचा हात जोडायचा, तालुक्याच्या गावी एखाद्या वेल्डिंगच्या दुकानातून तो बनवून घ्यायचा आणि स्वतःचे काम आटोपले की शेजाऱ्यापाजाऱ्यांची कामे तासावर घ्यायची. कल्पना वाईट नाही. लहान कास्तकाराच्या दारात उभे असलेले जुने यंत्र वर्षातून चार महिने अधिक कामाला येते, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र ज्या यंत्राची घडण ओढण्यासाठी झाली, त्याच्याकडून खोदण्याचे काम घेताना काय बदलते, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही. आजच्या भाषणाचा विषय तोच आहे.

ही कल्पना नवी नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेन-रॉय या लहानशा कारखान्याने १९४८ साली द्रवदाबावर चालणारा खोदहात शेतीच्या लहान फोर्ड ट्रॅक्टरला जोडून एका वीज कंपनीला विकला. इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफोर्ड यांनी १९५३ च्या सुमारास फोर्डसन मेजर ट्रॅक्टरवर असाच हात बसविला. त्यांच्याच नावाची आद्याक्षरे आपण खेड्यापाड्यांत उच्चारतो. म्हणजे आजचे अवाढव्य यंत्र हे मूळ शेतीच्या ट्रॅक्टरचेच अपत्य आहे. पण या अपत्याने पुढे आपला सांगाडा बदलला, धुरा जाड केल्या, पुढे वजन घेतले, चालकाभोवती लोखंडी चौकट उभी केली. घरच्या ट्रॅक्टरवर आपण हात तेवढा घेतो. सांगाडा, वजन आणि चौकट हे तिन्ही मागे राहतात.

आपल्याकडचे जुने ट्रॅक्टर कोणते? १९५९ साली फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. ते भरविण्यात अमरावती जिल्ह्यातील पापळचे सुपुत्र, तत्कालीन केंद्रीय मंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांचा पुढाकार होता आणि देशोदेशीची शेतीयंत्रे हजारो भारतीय शेतकऱ्यांनी तेथे प्रथमच पाहिली. त्यानंतर मॅसी फर्ग्युसन, महिंद्र, एस्कॉर्ट्स, एच.एम.टी. आणि १९७४ पासून स्वराज ही नावे खेड्यांत रुळली. यांपैकी कित्येक यंत्रे आजही दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे चालू आहेत. त्यांची टिकाऊ घडण वाखाणण्याजोगी आहे. तथापि त्यांपैकी बहुतेकांना उलटण्यापासून चालकाला वाचविणारी चौकट नाही, ब्रेक कोरडे आणि झिजलेले आहेत, आणि द्रवदाबाचा पंप नांगर उचलण्यापुरताच आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडण्याची तीन बिंदूंची जी पद्धत आहे, ती हॅरी फर्ग्युसन या आयरिश तंत्रज्ञाने विकसित केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात नांगरणीवर देखरेख करताना त्यांच्या लक्षात आले की, नांगर एखाद्या खडकाला अडला की ट्रॅक्टरचे तोंड वर उठते आणि यंत्र चालकावर उलटते. खालच्या दोन दांड्या ओढतील आणि वरची एक दांडी, जिला आपले चालक ‘टॉप लिंक’ म्हणतात, ती नांगराचा रेटा पुढच्या चाकांवर दाब म्हणून परत देईल, अशी ती योजना होती. नांगरासाठी ही योजना अत्यंत उत्तम आहे. खोदहाताच्या बाबतीत मात्र बळाची दिशाच बदलते. नांगर मागे ओढला जातो; खोदहात जमिनीत दाबला जातो, आणि जितक्या जोराने तो खाली दाबावा तितक्याच जोराने त्याचे स्वतःचे बूड वर उचलले जाते. जुन्या ट्रॅक्टरच्या खालच्या दांड्या अवजार वर उचलू शकतात, परंतु त्याला खाली दाबून धरू शकत नाहीत. परिणामी सगळे खोदयंत्र वर उठते, टॉप लिंकच्या टोकाभोवती फिरते आणि पुढे झुकते. त्या वेळी मागे तोंड करून खोदयंत्राच्या आसनावर बसलेल्या चालकाच्या पाठीमागे ट्रॅक्टरचे आसन आणि सुकाणू असते. दोहोंच्या मध्ये त्याला जागा उरत नाही. टॉप लिंकची एक पिन तुटली तरी हेच घडते. त्यासाठी ट्रॅक्टर उलटावाच लागतो असे नाही.

म्हणून केवळ तीन बिंदूंवर टांगलेले खोदयंत्र वापरू नये, हा पहिला नियम. खोदयंत्रासाठी वेगळा उपसांगाडा हवा. मागच्या धुरेपासून निघून ट्रॅक्टरच्या पोटाखालून पुढे पुढच्या धुरेच्या आधारापर्यंत जाणाऱ्या दोन मजबूत पट्ट्या, आणि त्यांना पक्के जखडलेले यंत्र. याला आणखी एक कारण आहे. मोटारीला असतो तसा स्वतंत्र सांगाडा बहुतेक शेती ट्रॅक्टरला नसतो. इंजिन, क्लचचे घर, गिअरपेटी आणि मागचे डिफरन्शियल हे बिडाचे खोके बोल्टांनी एकामागे एक जोडलेले असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा असतो. खोदण्याचे झटके उपसांगाड्यावाचून या कण्यावर येतात. बीड वाकत नाही, तडकते. पन्नास वर्षे नांगर ओढलेला ट्रॅक्टर एका उन्हाळ्याच्या खोदाईत क्लचच्या घराजवळ दुभंगला, तर दोष ट्रॅक्टरचा नव्हे.

वजनाचा हिशेब थोडा सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण शिक्षक मंडळी येथे आहेत आणि तरफेचा नियम शाळेत शिकवायचाच असतो. समजा, एका लहान ट्रॅक्टरचे वजन १,४०० किलो आहे, पुढच्या व मागच्या धुरांतील अंतर १.८ मीटर आहे आणि वजनाचा चाळीस टक्के भाग, म्हणजे ५६० किलो, पुढच्या चाकांवर आहे. त्याला ४५० किलोचे खोदयंत्र जोडले. हात मिटलेला असताना त्याचा भारमध्य मागच्या धुरेपासून १.१ मीटर मागे धरू. एवढ्यानेच पुढच्या चाकांवरचा भार ५६० वरून सुमारे २८५ किलोंवर येतो. म्हणजे रस्त्याने जातानाच सुकाणूची पकड निम्मी होते. आता हात लांब केला, यंत्राचा भारमध्य १.६ मीटरवर गेला आणि टोकाच्या बकेटमध्ये तीन मीटर अंतरावर, बकेटच्या रिकाम्या वजनाखेरीज, ९० किलो ओली माती आली. पुढच्या चाकांवर किती उरले? अवघे दहा किलो. एवढ्या भाराच्या जोरावर ट्रॅक्टरचे तोंड जमिनीला टेकलेले आहे. चालकाने जरा झटक्याने हात उचलला की ते जमीन सोडणार.

याच यंत्राचे दोन्ही बाजूंचे आधारपाय, ज्यांना काही ठिकाणी ‘जॅक’ म्हणतात, धुरेच्या ८० सेंटिमीटर मागे जमिनीवर पक्के टेकवले, की चित्र पालटते. आता उलटण्याची धार धुरेवर नसून पायांवर असते. ट्रॅक्टरचे सगळे वजन त्या धारेच्या पुढे, अधिक लांब अंतरावर येते आणि यंत्राचा व मातीचा भार त्या धारेच्या अधिक जवळ येतो. हिशेब केल्यास स्थैर्य उलटण्याच्या बळाच्या जवळजवळ पावणेचारपट होते. तोच ट्रॅक्टर, तेच यंत्र, तीच माती; फरक फक्त दोन पायांचा. तरीही घाईच्या वेळी पाय अर्धवट टेकवून किंवा एकच टेकवून खोदणारे चालक कमी नाहीत. तासाच्या हिशेबाने पैसे ठरले की पाय टेकवण्याची दोन मिनिटे वाया गेलीशी वाटतात, हे त्याचे खरे कारण असावे.

पायांखाली भुसभुशीत माती असेल तर जाड लाकडी फळ्या ठेवाव्यात. मागच्या टायरांवरचा भार हलका व्हावा, पण टायर जमिनीला टेकलेले राहावेत, इतकेच यंत्र उचलावे. आधारपायांच्या खालची माती कधीही पोखरू नये. खोदता खोदता बकेट आपल्याकडे ओढण्याचा मोह होतो आणि खड्डा नकळत यंत्राच्या पायांखाली शिरतो. ट्रॅक्टरच्या पुढे वजनाच्या पाट्या लावाव्यात. पुढच्या बाजूला लोडर असल्यास त्याची बकेट जमिनीवर टेकवून ठेवावी. ट्रॅक्टर उतारावर असेल तर माती वरच्या अंगाला टाकावी. भरलेली बकेट उताराच्या दिशेने झटक्याने फिरवली की यंत्र बाजूला कलंडते.

द्रवदाबाविषयी दोन शब्द. जुन्या ट्रॅक्टरचे तेल गिअरपेटीतलेच असते आणि पंप थोडे तेल देतो. त्यावर खोदयंत्र चालवले तर ते रखडत चालते, तेल तापते आणि खोदयंत्रातला कचरा गिअरपेटीत जातो. म्हणून पी.टी.ओ.वर चालणारा स्वतंत्र पंप व स्वतंत्र तेलटाकी असलेले यंत्र घ्यावे. पंपाचे घर स्वतःभोवती फिरू नये म्हणून ते दांड्याने किंवा साखळीने ट्रॅक्टरला जखडलेले असावे आणि फिरत्या दांड्यावर संरक्षक आवरण असावे. धोतराचा सोगा, ओढणी, पंचा त्यात अडकला तर माणूस सोडविण्याइतका अवधी मिळत नाही. तेलाची नळी कोठे पाझरते हे हाताने चाचपून पाहू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उच्च दाबाने येणारे तेल त्वचेतून आत शिरते. जखम बाहेरून डासाच्या चाव्याएवढी दिसते आणि आत बोट सडू लागते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधावी. तेल शरीरात गेलेच, तर वेदना नसली तरी रुग्णाला त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि ‘दाबाचे तेल शिरले आहे’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

जमिनीवर उभे राहून खोदयंत्राचे लिव्हर हलवणे हा आणखी एक घातक प्रकार. खड्डा डोकावून पाहता यावा म्हणून चालक खाली उतरतो, बाजूने हात घालून लिव्हर ओढतो, आणि हात त्याच्याच दिशेने फिरतो. आसनावर बसल्यावाचून एकही लिव्हर हलवू नये. उतरायचे असेल तर बकेट जमिनीवर टेकवावी, इंजिन बंद करावे, लिव्हर मागेपुढे हलवून नळ्यांतला दाब सोडावा आणि मगच उतरावे.

आता मातीचा विचार. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात ती फुगते. एप्रिल-मे मध्ये खोदलेली नाली उभ्या भिंतीसारखी तासून निघते आणि पाहणाऱ्याला ती पक्की वाटते. परंतु ती भिंत मुळात भेगांनी तुकडे झालेली असते. काठावर ट्रॅक्टरचे वजन आणि उकरलेल्या मातीचा ढिगारा आला, की भेगेपासून एक सबंध पोळा सुटून खाली येतो. खारपाणपट्ट्यात सोडियमचे प्रमाण अधिक असल्याने माती पाण्यात विरघळल्यासारखी पसरते. अवकाळी पावसाची एक सर पुरते. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनांहून अधिक असते. छातीपर्यंत मातीत दबलेल्या माणसाचे तोंड उघडे असले तरी त्याला श्वास घेता येत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते आणि म्हणून ‘डोके वर आहे’ एवढ्यावर धीर धरला जातो.

दीड मीटरहून खोल नालीत, बाजूंना उतार दिल्याशिवाय किंवा फळ्यांचा आधार लावल्याशिवाय, कोणालाही उतरू देऊ नये. नळाचा सांधा बसवायला एकच माणूस पाच मिनिटांसाठी उतरतो, असे सांगितले जाते. माती घड्याळ पाहत नाही. उकरलेली माती काठापासून निदान एक मीटर दूर टाकावी, खोल नालीत त्याहूनही दूर. यंत्र चालू असताना नालीत माणूस नसावा, आणि माणूस नालीत असताना यंत्र बंद असावे. माती कोसळलीच तर दबलेल्या माणसाला यंत्राने उकरून काढण्याचा प्रयत्न करू नये. फावड्याने आणि हाताने, आणि प्रथम उरलेल्या काठाला आधार देऊन, माती दूर करावी.

लहान यंत्राने कोणते काम घ्यावे, हेही ठरले पाहिजे. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असे शेततळे, बाजूंना एकास एक उतार देऊन खोदले, तर २,१९६ घनमीटर माती काढावी लागते. ‘मागेल त्याला शेततळे’ या २०१६ च्या योजनेत हे मोठ्यात मोठे आकारमान होते आणि त्यामुळे ते गावोगावी परिचयाचे आहे. लहान खोदयंत्राची बकेट ५० लिटरांची धरली तर त्या तळ्याला ४३,९२० बकेटा लागतील. मिनिटाला एक या अखंड गतीनेही ७३२ तास होतात. रोज आठ तास म्हटले तर तीन महिने. एवढ्यात एका जुन्या ट्रॅक्टरचे आयुष्य संपते आणि उन्हाळाही संपतो. शिवाय भारी काळ्या जमिनीत एकास एक उतारही पुष्कळदा पुरत नाही, अधिक सपाट उतार द्यावा लागतो. म्हणजे हिशेब पुन्हा बदलला. शेततळे हे मोठ्या यंत्राचे काम आहे. लहान यंत्राला साजेशी कामे म्हणजे तुषार सिंचनाच्या नळाची नाली, वावरातून पाणी काढून देणारा चर, शोषखड्डा, शौचालयाचा खड्डा, धुऱ्यावरील झाडांचे खड्डे. या कामांत ते खरोखर उपयुक्त आहे आणि तेथे त्याची बरोबरी मोठे यंत्र करू शकत नाही, कारण मोठे यंत्र पांदण रस्त्याने उभ्या तुरीच्या बाजूने जाऊ शकत नाही.

येथे एका योजनेचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना सामाजिक न्याय विभागाच्या योजनेतून ९० टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टर व त्याची उपसाधने देण्यात आली. हे ट्रॅक्टर ९ ते १८ अश्वशक्तीचे असतात. पेरणी, डवरणी, फवारणी व हलकी वाहतूक यांसाठी ते योग्य आहेत. त्यांना घरगुती खोदहात जोडण्याचा सल्ला कोणी देत असेल तर गटाने तो मानू नये. अनुदानाने आलेले यंत्र मोडले तर गटाची जमलेली घडी मोडते. आणि माणूस मोडला तर त्याची भरपाई कोणत्याही अनुदानात बसत नाही.

ट्रॅक्टर मागच्या बाजूला उलटण्यास सुरुवात झाल्यापासून पूर्ण उलटेपर्यंत सुमारे दीड सेकंद लागतो. परत फिरण्याचा क्षण त्याच्याही निम्म्यात निघून जातो. क्लच दाबण्याचा विचार मनात येऊन पाय हलेपर्यंत वेळ संपलेली असते. म्हणूनच कौशल्यावर भिस्त ठेवता येत नाही. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली आणि पुढील काही दशकांत तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू अगदी थोडे उरले. आपल्या जुन्या ट्रॅक्टरला निर्मात्याने मान्य केलेली चौकट मिळत असेल तर ती बसवून घ्यावी आणि तिच्याबरोबर आसनपट्टा लावावा. चौकट नसेल तर मात्र पट्टा लावू नये. वेल्डिंग करून घरी बनवलेली चौकट म्हणजे केवळ छत्री लटकविण्याची सोय. ट्रॅक्टरच्या वजनाखाली ती दुमडते.

रस्त्याने यंत्र नेताना हात मिटवून त्याच्या पिना लावाव्यात, आधारपाय पूर्ण उचलून जखडावेत आणि डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक एकमेकांना जोडून घ्यावेत. पुढची चाके हलकी झालेली असतात हे वरच्या हिशेबात आलेच आहे. चिखलदऱ्याकडील घाटरस्त्यांवर असे यंत्र चालवत नेऊ नये. ते वाहनावर चढवून न्यावे.

विजेच्या तारांचा प्रश्न प्रत्येक गावात आहे. मिटलेल्या स्थितीत ट्रॅक्टरच्या उंचीचा असणारा हात पूर्ण उभारला की बराच उंच जातो आणि शिवारातल्या तारा पुष्कळदा झोळ पडून खाली आलेल्या असतात. तारांपासून निदान तीन मीटर अंतर राहील अशी जागा आधी आखून घ्यावी. ते शक्य नसेल तर महावितरणला कळवून प्रवाह बंद करून घ्यावा. हात तारेला लागलाच तर चालकाने आसनावरच थांबावे आणि इतरांनी जवळ जाऊ नये. आग लागल्यामुळे उतरावेच लागले तर यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून उडी मारावी आणि पाय जुळलेलेच ठेवून लहान उड्या मारीत दूर जावे.

जमिनीखालीही आता बरेच काही आहे. पाणीपुरवठ्याचे नळ, पंपांच्या केबली आणि ग्रामपंचायतीपर्यंत आलेली प्रकाशतंतूंची वाहिनी. खोदकामात अशा वाहिन्या तुटण्याचे प्रकार टाळण्यासाठी २२ मार्च २०२३ रोजी केंद्र शासनाने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले आहे. त्यावर खोदकामाची पूर्वसूचना देता येते. तथापि गावातला नळ कोठून जातो हे ॲपपेक्षा पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला अधिक नेमके ठाऊक असते. त्याला काम सुरू होण्यापूर्वी जागेवर बोलावण्याची पद्धत पंचायतीने घालून घ्यावी.

पंचायतीकडे आणखी एक साधन आहे, ते म्हणजे कामाचा आदेश. शोषखड्डे किंवा नाल्या यांचे काम देताना दर आणि मुदत लिहिली जाते. त्याच कागदावर चार अटी अधिक लिहिता येतील: यंत्र उपसांगाड्यावर बसवलेले असावे, चालकाकडे वैध परवाना असावा, दीड मीटरहून खोल नालीत आधाराशिवाय मजूर उतरवू नये, उघडा खड्डा रात्री तसाच सोडायचा असल्यास त्याला कुंपण व निशाणी असावी. मोबदला तासावर न ठरवता कामावर ठरवला, तर घाईचे एक कारण कमी होते. विम्याचीही चौकशी करावी. शेतीकामासाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने खोदकामाला लावल्यास विमापत्राच्या अटींत ते बसते किंवा नाही, हे मालकाने अपघातानंतर नव्हे तर आधी विचारावे.

शेतीयंत्रांच्या अपघातांकडे देशाचे लक्ष यापूर्वीही गेले आहे. मळणीयंत्रात हात गमावणाऱ्या मजुरांची संख्या वाढल्यानंतर संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला आणि यंत्र बनवणाऱ्यावर जबाबदारी टाकली. वेल्डिंगच्या दुकानात बनणाऱ्या खोदहाताची जबाबदारी मात्र आज व्यवहारात कोणावरच येत नाही. त्यावर कंपनीचे नाव नसते, किती वजन उचलावे याची पाटी नसते, मालकाला दिलेली पुस्तिका नसते.

अपघात झालाच तर शेतकरी कुटुंबासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे. पूर्वी ती विमा कंपनीमार्फत चालत असे. २०२३ पासून ती सानुग्रह अनुदानाच्या रूपाने राबविली जाते. मृत्यू किंवा दोन अवयव गमावल्यास २ लाख रुपये आणि एक अवयव अथवा एक डोळा गमावल्यास १ लाख रुपये असे तिचे स्वरूप आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. वहितीधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी ती आहे. याचा अर्थ असा की, भूमिहीन चालक किंवा नालीत उतरणारा रोजंदारी मजूर तिच्या छायेत येत नाही. आणि नालीत बहुधा तोच असतो. त्याच्यासाठी यंत्रमालकाने व काम देणाऱ्याने स्वतंत्र अपघात विमा उतरवणे हाच मार्ग उरतो.

प्रशिक्षणाची सोय दूर नाही. सातपुडा ओलांडून नर्मदेच्या काठी बुधनी येथे १९५५ पासून केंद्र शासनाची शेतीयंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. शेतकरी, चालक व मिस्त्री यांच्यासाठी तेथे वर्ग चालतात. अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकीचे तज्ज्ञ आहेत. तालुक्यातील दोन-चार वेल्डिंगवाले आणि तितकेच यंत्रमालक यांना एकदा त्यांच्यासमोर बसवणे कृषी विभागाला अवघड नाही. उपसांगाडा कसा असावा, पट्टी किती जाड असावी, बोल्ट कोणत्या प्रतीचा वापरावा हे ज्याच्या हातात वेल्डिंगची कांडी आहे त्याला कळले, तर शंभर पत्रकांचे काम होईल.

शिक्षकांकडून एक अपेक्षा आहे. खोदणारे यंत्र हे गावातील मुलांचे मोठे आकर्षण. सुट्टीच्या दिवशी यंत्राभोवती दहा-पंधरा मुले उभी असतात आणि एखादे लाडके पोर मडगार्डवर बसलेले असते. हात दोन्ही बाजूंना अर्धवर्तुळात फिरतो. त्याच्या टप्प्याच्या बाहेर आणखी दोन मीटरपर्यंत कोणी उभे राहू नये. वर सांगितलेला तरफेचा हिशेब सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर मांडता येण्याजोगा आहे. यंत्रमालकांपैकी अनेकांची मुले त्याच वर्गात असतात, आणि पुढच्या चाकांवर दहा किलो उरतात हे त्यांनी घरी जाऊन सांगितले तर ते बहुधा ऐकले जाईल.

खोदकामाचा हंगाम रब्बीची सोंगणी आटोपली की सुरू होतो आणि मृगापर्यंत चालतो. त्यापूर्वीच्या ग्रामसभेत आपल्या गावात अशी यंत्रे किती, ती कशी जोडलेली आहेत आणि त्यांवर कोण बसते, एवढी यादी करता येईल. टॉप लिंकवर टांगलेली यंत्रे त्यात वेगळी लिहावीत, आणि उपसांगाडा बसेपर्यंत पंचायतीचे काम त्यांना देऊ नये.